वाढणारा आणि जेवणारा

'खातिर' हा शब्द उर्दूत आहे आणि मराठीतही आहे. आपण खातिरदारी म्हणतो, 'तुमच्याखातर आलो' म्हणतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मन, मनात येणारा विचार. म्हणजे कुणाची खातिर करणे याचा अर्थ त्याला मनात ठेवणे. वर्गात हा शब्द आला की आम्ही मुलांना हे हमखास सांगतो. पण मनात ठेवणे म्हणजे काय हे सांगणे सोपे आहे. आपण कुणाच्या मनातच नाही हे दोन तास अनुभवणे वेगळे. तो अनुभव आम्हाला पुण्यातल्या एका फॅशनेबल हॉटेलात आला. त्यानंतर बरेच दिवस आम्ही आपसात वाद घातला. त्या वादाचा हा हिशेब आहे.

आमच्या उर्दू शाळेतल्या सर्वांत ज्येष्ठ शिक्षिका, ज्यांना आम्ही सगळे आपा म्हणतो, त्या ३० जून २०२५ रोजी चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाल्या. आम्ही चौघे त्यांच्या हाताखाली तयार झालेले, बी. एड. करून शाळेत आलो तेव्हा फळ्यावर सरळ ओळ कशी लिहायची हेसुद्धा त्यांनीच शिकवले. शाळेत शाल, नारळ, भाषणे झाली. पण आमच्या मनात होते की, आपांना एकदा चांगल्या ठिकाणी जेवायला न्यावे. आयुष्यभर त्यांनी डबा खाल्ला, तोही निम्मा मुलांना वाटून. जुलैच्या अखेरीस, पावसाच्या एका शनिवारी, आम्ही कोरेगाव पार्कातल्या एका हॉटेलात रात्री आठचे टेबल राखून ठेवले. दोन बहिणी बुरख्यात, दोघे भाई, त्यातल्या एकाला दाढी, आणि आपा त्यांच्या नेहमीच्या पांढऱ्या ओढणीत.

अशा हॉटेलांना 'स्मॉल प्लेट्स' म्हणतात. तिथे भरलेले ताट मिळत नाही. दोन-चार घासांचे पदार्थ छोट्या बश्यांतून येतात, ते टेबलाच्या मधोमध ठेवायचे आणि सर्वांनी वाटून खायचे. स्पेनमध्ये त्यांना तापास म्हणतात. 'तापा' म्हणजे झाकण. तुर्कस्तान आणि लेबनॉनकडे मेझे म्हणतात, आणि हा मेझे म्हणजे फारसीतला 'मज़ा', अर्थात चव. तोच शब्द आपल्याकडे येऊन मजा झाला. तेव्हा ही रीत आपल्याला अगदी परकी म्हणता येणार नाही. एका दस्तरखानावर बसून एका भांड्यातून खाणे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. बोहरा समाजात आजही एका थाळाभोवती आठेक माणसे बसतात आणि मिठाच्या चिमटीने जेवण सुरू करतात.

फरक एवढाच की, दस्तरखानावरचे भांडे माणसे मोजून भरलेले असते. इथे आम्ही पाच आणि प्रत्येक बशीत तुकडे तीन. पाच माणसे तीन तुकड्यांकडे पाहत बसली की जेवणाची मजा जाते आणि तहजीबची परीक्षा सुरू होते. 'तुम्ही घ्या', 'नाही, आपा, तुम्ही घ्या' असे म्हणता म्हणता तुकडा थंड होतो.

पण हा झाला विनोद. खरा प्रसंग पुढे आहे.

आठ वाजता आम्ही बसलो. पाणी यायला वीस मिनिटे लागली. मटण-चिकन हलाल आहे का, आणि कोणत्या पदार्थात वाइन घातलेली असते, हे आम्ही वाढणाऱ्या मुलाला विचारले. 'विचारून सांगतो' म्हणून तो गेला तो पंचवीस मिनिटे आलाच नाही. शेवटी आम्ही कंटाळून शाकाहारी पदार्थच सांगितले. पहिली बशी नऊला दहा मिनिटे असताना आली, दुसरी साडेनऊला. मधल्या वेळात तो मुलगा आमच्या समोरून किमान वीस वेळा गेला असेल. प्रत्येक वेळी त्याची नजर आमच्या डोक्यांवरून पलीकडे जात होती. हात वर केला तर 'येस सर' म्हणून तो दुसरीकडे वळायचा. खिडकीजवळ एक मोठी पार्टी बसली होती, त्यांचे ग्लास मात्र वेळेवर भरले जात होते. तिथे तो हसत होता, थांबत होता. एक चुकीची बशी आमच्या टेबलावर आली आणि आम्ही काही बोलण्याआधी उचलून नेली गेली. आणि दहाला पाच मिनिटे असताना दुसऱ्याच एका गृहस्थांनी येऊन मोठ्या अदबीने सांगितले की, आमची वेळ संपत आली आहे, दहाला टेबल सोडावे लागेल.

इंग्रजीत वाढणाऱ्याला वेटर म्हणतात, म्हणजे वाट पाहणारा. त्या रात्री वाट पाहणारे आम्ही होतो.

बिल आले. पदार्थांचे ४,४०० रुपये, त्यावर दहा टक्के सेवा शुल्क ४४०, आणि दोन्हींच्या बेरजेवर पाच टक्के जीएसटी २४२. एकूण ५,०८२ रुपये. सेवा शुल्काची ओळ वाचून आमच्यातल्या एका भाईंचा पारा चढला. त्यांना कायदा ठाऊक होता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या की, हॉटेलांनी सेवा शुल्क आपोआप बिलात लावू नये. द्यायचे की नाही ते ग्राहकाने ठरवावे. हॉटेलमालकांच्या संघटना याविरुद्ध न्यायालयात गेल्या, पण २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना वैध ठरवल्या. भाईंनी हे सर्व शांतपणे सांगितले. मॅनेजरांनी फारशी हुज्जत न घालता ओळ काढून टाकली. नवे बिल ४,६२० रुपयांचे आले. ४६२ रुपये वाचले.

बिलासोबत एक कार्ड होते. पदार्थ कसे होते, वातावरण कसे होते, आणि शेवटी 'आपली सेवा कोणी केली?' असा प्रश्न, पुढे नाव लिहायला रिकामी जागा, त्याखाली पाच तारे. आम्ही मुलाच्या छातीवरच्या बिल्ल्यावरचे नाव वाचून कार्डावर लिहिले, एक तारा रंगवला आणि खाली चार ओळी खरडल्या. त्या ओळी सभ्य भाषेत होत्या, पण आम्ही शिक्षक आहोत, सभ्य भाषेत कसे ओरखडायचे ते आम्हाला चांगले येते. कार्ड मॅनेजरांच्या हातात दिले. आपांनी त्यावर सही केली नाही. त्या म्हणाल्या, "तुम लोग लिखो, मेरी ऐनक घर पर है।" चष्मा त्यांच्या पर्समध्ये होता हे आम्हाला नंतर कळले.

आम्ही उठत असताना तो मुलगा टेबल आवरायला आला. वय एकोणीस-वीस असेल. आपांनी त्याच्याकडे पाहिले आणि विचारले, "बेटा, खाना खाया?"

तो गोंधळला. बहुधा त्या जागी हा प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा. म्हणाला, "नहीं मॅडम, ग्यारह के बाद।"

"दोपहर से?"

"हाँ। आज बारिश में दो लड़के नहीं आए। नौ टेबल मेरे पास हैं।"

मग आपांनी त्याचे नाव विचारले. बिल्ल्यावरचे नाव त्याचे नव्हते. ग्राहकांना सोपे जावे म्हणून दिलेले होते. खरे नाव त्याने हळू आवाजात सांगितले. ते आपल्यातले नाव होते. गाव पश्चिम बंगालमधल्या मालदा जिल्ह्यातले. जाता जाता तो आपांना म्हणाला, "खालाम्मा, जो आप ने पूछा था, मैं ने किचन में पूछा था। फिर भूल गया। माफ़ कीजिए।"

आपांनी पाचशेची नोट त्याच्या हातात ठेवली. त्याने मॅनेजरांकडे पाहिले आणि ती काउंटरवरच्या सामाईक पेटीत टाकली.

रिक्षात कुणी बोलले नाही. खरे वाद दुसऱ्या दिवसापासून शिक्षकांच्या खोलीत सुरू झाले. ते इथे क्रमाने मांडतो.

पहिला प्रश्न: तो अपमान होता की हयगय? हॉटेलात बसलो असताना चौघांच्याही मनात एक विचार येऊन गेला होता, जो तेव्हा कुणी उच्चारला नाही. बुरखे आणि दाढी पाहून तर आपल्याला टाळत नाहीत ना? हा विचार मनात येतो याबद्दल आम्हाला लाज वाटत नाही. घर भाड्याने शोधताना नाव सांगितल्यावर अचानक 'भाडेकरू मिळाला' हे उत्तर ज्याने ऐकले आहे, त्याला हा विचार येणारच. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. पण फुंकून पिणे वेगळे आणि ताकाला दूध ठरवणे वेगळे. आम्ही आमच्या शंकेलाच पुरावा मानले. शेजारच्या टेबलावर कॉलेजची चार मुले बसली होती, तीही आमच्याइतकीच ताटकळत होती. पण हे आम्हाला आठवले दुसऱ्या दिवशी. दुःखी माणूस फक्त आपल्याच ताटाकडे पाहतो.

आणि मग आणखी अवघड गोष्ट. मुलाचे नाव कळताच आमचा राग एकदम उतरला. 'अरे, तो तर आपलाच मुलगा!' इथे आपांनीच आम्हाला अडवले. त्या म्हणाल्या, नाव दुसरे काही असते तर राग तसाच राहिला असता ना? मग तुमचा राग तेव्हा खरा होता की आता तुमची दया खरी आहे? याला आमच्याकडे उत्तर नव्हते. आपांनी जेवलास का हे आधी विचारले होते, नाव नंतर. आम्ही दया केली ती नावावर. ज्या भेदाचा संशय आम्ही हॉटेलावर घेतला, तोच भेद आम्ही घरी आणून क्षमेच्या कामाला लावला. हे कबूल करायला जड जाते, पण कबूल केल्याशिवाय पुढचा विचार करता येत नाही.

दुसरा प्रश्न: पैसे देऊन आपण नेमके काय विकत घेतो? अन्न घेतो, जागा घेतो, वाढण्याचे श्रम घेतो, इथवर ठीक. पण आमची तक्रार बशी उशिरा आली एवढीच नव्हती. त्याने आमच्याकडे पाहिले नाही, तो हसला नाही, ही होती. म्हणजे आम्हाला खातिर हवी होती. ती विकत मिळते का? अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ साली 'द मॅनेज्ड हार्ट' या पुस्तकात विमानातल्या हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास मांडला. त्यांचे म्हणणे असे की, या नोकऱ्यांमध्ये हातांच्या श्रमांबरोबर भावनांचेही श्रम असतात. प्रसन्न दिसणे हाच कामाचा भाग असतो, आणि त्याची किंमत करणाऱ्याच्या मनाला मोजावी लागते. म्हणजे खिडकीजवळच्या टेबलावर तो मुलगा हसत होता, तेसुद्धा काम होते. आम्हाला ते हसू मिळाले नाही म्हणून आम्ही चिडलो. त्यांना मिळाले ते तरी खरे होते का, हा विचार आम्ही केला नाही.

आपल्या परंपरेत जेवणाच्या आदबीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. इमाम ग़ज़ाली यांनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये एक आख्खा भाग जेवणाच्या शिष्टाचाराला दिला आहे. एकट्याने कसे जेवावे, चारचौघांत कसे जेवावे, पाहुण्यापुढे अन्न कसे ठेवावे. पण यजमान आणि पाहुणा यांच्यामध्ये बिल नसते. हॉटेलात बिल असते, आणि ते आले की दोन्ही नाती सुटतात. मालक यजमान राहत नाही, आपण पाहुणे राहत नाही. पण वाढणारा हात मात्र तोच, माणसाचा राहतो. जर्मन तत्त्ववेत्ता इमॅन्युएल कांट याने १७८५ साली मांडलेल्या नीतिसूत्राचा आशय असा की, कोणत्याही माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये. यातला 'केवळ' हा शब्द महत्त्वाचा. सेवा घेण्यात पाप नाही. आम्हीही मुलांची सेवा करतो आणि पगार घेतो. पण सेवा घेताना समोरचा माणूस बशी सरकवणारे यंत्र एवढाच उरला, तर बिल चुकते करूनही हिशेब अपुरा राहतो.

एक हदीस आम्हा सर्वांना पाठ आहे, आम्ही ती मुलांनाही शिकवतो. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. आशय असा की, तुमचा खादिम तुमच्यासाठी जेवण घेऊन आला तर त्याला सोबत बसवा, ते जमत नसेल तर त्यातले एक-दोन घास तरी त्याला द्या. कारण चुलीची धग आणि मेहनत त्याने सोसली आहे. ही हदीस आम्ही नेहमी घरातल्या नोकरांपुरती समजत आलो. त्या रात्री दुपारपासून उपाशी असलेला मुलगा आमच्यापुढे बश्या ठेवत होता आणि आम्ही बशीतले तुकडे मोजत होतो. त्याला टेबलावर बसवणे आमच्या हातात नव्हते, हे खरे. पण जेवलास का, हे विचारणे पाचही जणांच्या हातात होते. विचारले एकीनेच.

तिसरा प्रश्न: मग तक्रार करायचीच नाही का? आमच्यातल्या एका बहिणीने हा मुद्दा जोरात मांडला आणि तिचे म्हणणे टाकाऊ नव्हते. ती म्हणाली, गरिबाची सबब पुढे करून प्रत्येक बेफिकिरी माफ करायची म्हटली तर कुणीच आपले काम नीट करणार नाही. शिवाय त्याचे सगळेच निर्दोष नव्हते. नऊ टेबले होती हे मान्य. पण खिडकीजवळ थांबायला त्याला वेळ होता. जिथे दारूचे ग्लास भरले जात होते, जिथे टिप मोठी मिळणार होती, तिथे तो थांबत होता. हा पंक्तिप्रपंच झाला. एकाच पंगतीत एकाला तुपाची धार आणि दुसऱ्याला कोरडा भात, याला मराठीने फार नेमका शब्द दिला आहे.

तिचे हे म्हणणे आम्ही मान्य केले. हक्क मागण्याला इस्लामने कधी दोष दिलेला नाही. बुखारीमध्येच प्रसंग आहे की, एक माणूस पैगंबर (स.) यांच्याकडे आपले देणे मागायला आला आणि कठोर बोलला. सोबती त्याच्या अंगावर धावले, तेव्हा पैगंबरांनी त्यांना थांबवले. ज्याचा हक्क आहे त्याला बोलण्याचा अधिकार आहे, असे समजावले आणि त्याला घेणे होते त्याहून चांगले परत केले. तेव्हा बोलण्याचा अधिकार निर्विवाद. प्रश्न उरतो तो कुणाला बोलायचे आणि कशाबद्दल.

आणि इथेच त्या कार्डाची गोम आहे. कार्डावर मुलाच्या नावासाठी जागा होती. दोन माणसे आली नाहीत तरी सगळी टेबले का भरली, एका मुलाकडे नऊ टेबले का दिली, दुपारपासून उभ्या मुलाला रात्री अकरापर्यंत जेवण का नाही, यासाठी त्यावर रकाना नव्हता. तक्रार करायचे साधनच असे बनवले होते की, ती सर्वांत खालच्या माणसावर जाऊन पडावी. आम्ही सेवा शुल्क काढून घेतले ते मालकाकडून, आणि तो आमचा कायदेशीर हक्क होता. एक तारा दिला तो मात्र मुलाला. एकाच रात्री आम्ही एक तक्रार योग्य पत्त्यावर टाकली आणि दुसरी चुकीच्या.

खरे तर हे आम्हाला सर्वांआधी समजायला हवे होते, कारण ही गोष्ट आमच्यावर रोज घडते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीसाठी पस्तीस मुलांमागे एक शिक्षक, असे प्रमाण ठरवून दिले आहे. आमच्या आठवीच्या वर्गात बासष्ट मुले बसतात. तपासणीला साहेब येतात, मागच्या बाकावरच्या मुलाला उभे करतात, त्याला वाचता येत नाही, आणि शेऱ्याच्या वहीत नाव लिहिले जाते ते शिक्षकाचे. तेव्हा आम्ही खोलीत बसून तावातावाने म्हणतो की, व्यवस्थेचा दोष माणसावर टाकतात. तोच तावातावाचा न्याय आम्ही त्या मुलाला का दिला नाही? त्याची नऊ टेबले आणि आमची बासष्ट मुले, हिशेब एकच आहे.

आपा एवढ्यावर थांबल्या नाहीत. निवृत्त झाल्या तरी अधूनमधून शाळेत येतात. त्या दिवशी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, बासष्ट मुले सरकारने दिली, मान्य. पण बासष्टांमध्ये तुम्ही पहिल्यांदा कुणाकडे पाहता, हे सरकार ठरवते का?

खोलीत सगळे गप्प झाले. आमच्या प्रत्येकाच्या वर्गात खिडकीजवळचे एक टेबल आहे. पहिल्या बाकावर स्वच्छ गणवेशातली, झटकन उत्तर देणारी मुले बसतात. ज्यांचे अब्बा शाळेच्या समितीत आहेत किंवा ज्यांच्या अम्मी प्रगतिपुस्तक घ्यायला येताना हसून बोलतात. आम्ही तिथे थांबतो, हसतो. मागच्या बाकावरचा मुलगा हात वर करतो आणि 'हो, येतो' म्हणून आम्ही फळ्याकडे वळतो. त्याचा प्रश्न विचारून सांगतो म्हणतो आणि विसरतो. आणि शाळेच्या ऑफिसच्या दाराशी दाखल्यासाठी उभी असलेली ती आई, जी धुण्याभांड्यांची कामे सोडून आलेली असते. तिच्या डोक्यावरून आमची नजर किती वेळा पलीकडे जाते? तिला कुणी कार्ड देत नाही. तिला तारे रंगवता येत नाहीत. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन उभी राहते.

तेव्हा आमच्यापुरता निष्कर्ष असा निघाला. व्यवस्था माणसाच्या हातून खातिर हिरावून घेते, हे खरे. नऊ टेबलांना किंवा बासष्ट मुलांना कुणीही मनात ठेवू शकत नाही. म्हणून व्यवस्थेविरुद्ध बोललेच पाहिजे, आणि ज्याच्या हातात बदल करणे आहे त्याच्याशी बोलले पाहिजे. पण जे थोडके लक्ष आपल्या हातात उरते, ते आपण कुणाला वाढतो, याचा जबाब आपल्यालाच द्यावा लागेल. ते आपण सवयीने टिप देणाऱ्याकडे नेतो. टिप कधी नोट असते, कधी हसू, कधी हुशार उत्तर. आणि आपण स्वतः जेव्हा उपेक्षित राहतो, तेव्हा आपल्याला पंक्तिप्रपंच लगेच दिसतो. वाढपी आपणच असलो की दिसत नाही.

त्या आठवड्यात आम्ही हॉटेलच्या मॅनेजरांना एक पत्र लिहिले. आमच्या कार्डाचा दोष मुलाला लावू नये. दोन माणसे कमी असताना सगळी टेबले घेण्याचा निर्णय त्याचा नव्हता. आणि वाढणाऱ्यांच्या जेवणाची वेळ ठरवावी, असे त्यात होते. यावर चौघांनी सही केली, पाचवी आपांनी केली, चष्मा लावून. उत्तर आले नाही. सप्टेंबरात आमच्यातले एक भाई त्या रस्त्याने जात असताना मुद्दाम आत डोकावले. तो मुलगा दिसला नाही. आमच्या कार्डामुळे गेला, पावसामुळे, की गावाकडे गेला, कुणी सांगितले नाही. जे कार्ड लिहायला आम्हाला दोन मिनिटे लागली, ते परत घेता आले नाही, एवढे मात्र खरे.

शाळेत आम्ही एक छोटा बदल केला. पूर्वी हजेरी पहिल्या क्रमांकापासून घ्यायचो. बासष्टपर्यंत पोचेपर्यंत आवाजात घाई यायची आणि शेवटची नावे मान वर न करताच पुकारली जायची. आता आठवड्यातले तीन दिवस हजेरी बासष्टपासून उलटी घेतो, आणि 'हाज़िर' म्हणणाऱ्याकडे पाहिल्याशिवाय पुढचे नाव घेत नाही. याला सहा-सात मिनिटे जास्त लागतात. पहिल्या दिवशी बासष्टाव्या क्रमांकाच्या मुलाचे नाव सर्वांत आधी पुकारले, तेव्हा त्याने उत्तरच दिले नाही. त्याला वाटले, आम्ही चुकून पुकारले. दुसऱ्यांदा पुकारल्यावर तो उभा राहिला.